चौदा शिफारसी आणि एक तक्रार

५ जानेवारी २०२५, रविवार

सविताचं म्हणणं, दिवसभर माझं डोकं खाण्यापेक्षा लिहून काढा. बायको म्हणून तिनं तेवीस वर्षं ऐकलं, आता थोडं या डायरीनं ऐकावं. डायरी खताच्या दुकानानं फुकट दिली आहे, त्यामुळे प्रत्येक पानाच्या तळाशी एक सल्ला आहे. आजचा सल्ला: हरभऱ्यावरच्या घाटेअळीकडे लक्ष द्या. देतो.

मी दत्तात्रय शेलार, वय सत्तेचाळीस, मुक्काम वडगाव रासाई. हुद्दा चिटबॉय. म्हणजे साखर कारखान्याच्या शेतकी खात्यातला असा माणूस, जो कुणाचा ऊस कधी तुटणार ते नंबरानुसार बघतो, तोडणी मजुरांची टोळी उसाच्या फडात घालतो आणि भरलेल्या गाडीला चिठ्ठी फाडून देतो. डोक्यावरचे केस पांढरे झाले तरी हुद्द्यातला बॉय काही मोठा झाला नाही. बावीस हंगाम केले. गेले दोन हंगाम आमचा कारखाना बंद आहे. दुसऱ्या कारखान्यांचे ट्रॅक्टर गाणी लावून घरावरून जातात आणि मी ओट्यावर बसून कुठल्या गाडीचा भार कुठं कललाय ते बघत बसतो. कुणी विचारत नाही, तरी बघतो.

आज इंद्रजीतचा फोन आला. हा सविताचा धाकटा भाऊ, दौंडला हार्डवेअरचं दुकान आहे. "दाजी, एक फेब्रुवारीपासनं या आपल्या दुकानात. खिळं-स्क्रूच्या काउंटरला भरवशाचा माणूस पायजे." पोरगा चांगला आहे, म्हणूनच जास्त झोंबलं. याच्या लग्नात मी रुसून बसलो होतो तेव्हा मला मनवायला हाच आला होता. आता याच्याच हाताखाली वॉशर निवडायचे! "विचार करून सांगतो," म्हणालो.

सविता म्हणाली, "महिनाअखेरपतुर काय तो इचार करा. पर घरात बसून मला मिठाचा डबा कुठं ठिवायचा ते शिकवू नका."

७ जानेवारी, मंगळवार

केडगाव स्टेशनाबाहेर धम्मदीपचं ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. सातबारा, परीक्षेचे अर्ज, पासपोर्ट फोटो, सगळं तिथं होतं. पोरगा तिशीच्या आतला पण डोकं शांत. त्याच्या स्टेटसला जाहिरात दिसली: रांजणगाव एमआयडीसीतल्या कंपनीला यार्ड सुपरवायझर पाहिजे, पदवी किंवा अनुभव, रेझ्युमे पाठवा.

लगेच फोन लावला. "यार्ड म्हणजे काय रे?"

"काका, गेटवर मालाचं ट्रक येत्यात, दिवसाला शंभरभर. कुणी आधी आत जायचं यावरनं रोज मारामाऱ्या."

मारामाऱ्या म्हटल्यावर एकदम घरच्यासारखं वाटलं. सविताला अजून काही बोललो नाही.

८ जानेवारी, बुधवार

दुपारभर बसून रेझ्युमे लिहिला. साडेतीन पानं झाली. कारखान्याच्या वार्षिक अहवालात शेतकी खात्याचा मजकूर मीच लिहून द्यायचो, त्यामुळे हात बसलेला आहे. सुरुवात झकास झाली: 'मा. संस्थापकांच्या आशीर्वादाने, मा. चेअरमन व संचालक मंडळाच्या मार्गदर्शनाखाली आणि तमाम सभासद बंधू-भगिनींच्या सहकार्याने...'

सविता मेथी निवडत होती. तिला वाचून दाखवला. ती म्हणाली, "छान हाय. पर कुणाचा हाय ह्यो?"

"माझा."

"मग तुमचं नाव कुठंय?"

"पान तीनवर येतं."

तिनं मेथीची जुडी जरा जोरातच सोडली. म्हणजे आता तिलाही कळलं की मी कुठंतरी अर्ज करतोय.

११ जानेवारी, शनिवार

मोटरसायकलवर पूल ओलांडून केडगावला गेलो. धम्मदीपनं साडेतीन पानं एका ओळीवर बोट ठेवत ठेवत वाचली. मला वाटलं भारावलाय.

"काका, तुम्ही कुठं हायसा यात?"

"अरे, हे सगळं मीच केलं."

"मग तसं लिव्हा की. कंपनीला तुमच्या कारखान्याचा इतिहास नको. उद्या त्यांच्या गेटवर तुम्ही काय करणार, तेवढं पायजे. एक पान. वरच्या चार ओळीत कामाची गोष्ट."

मग त्यानं मला पोलिसासारखं विचारायला सुरुवात केली. दिवसाला किती गाड्या? हंगामात एकशेचाळीस, बैलगाड्या धरून. सगळ्या एकदम यायच्या का? येऊ दिल्या तर येतील ना! लांबच्या गावाची चिठ्ठी मी सकाळीच फाडायचो, जवळच्यांची दुपारनंतर, म्हणजे वजनकाट्यावर गर्दी नको. पूर्वी एक गाडी यार्डात अकरा-अकरा तास उभी असायची, ती पाच तासांवर आली होती. हे तुम्हाला कुणी करायला सांगितलं होतं का? नाही बुवा, बैल तापायचे उन्हात, बघवत नव्हतं.

"ह्ये लिव्हलं का तुम्ही साडेतीन पानात?"

"हे काय काम आहे का लिहिण्यासारखं?"

त्यानं कपाळाला हात लावला आणि पहिल्याच ओळीत तेच टाइप केलं. 'मी गाड्यांची थांबण्याची वेळ अकरा तासांवरून पाच तासांवर आणली.' वाचताना मला घाम आला. मी! कारखान्यात बावीस वर्षांत एकाही कागदावर मी हा शब्द लिहिला नव्हता. 'आणण्यात आली' करूया म्हणालो. म्हणाला, "कुणी आणली? भुतानं?" मग राहू दिलं. फड, टोळी, खोडवा हे शब्द त्यानं सगळे काढले, म्हणाला रांजणगावच्या साहेबाला त्यातलं काय कळणार. गाडी, मजूर, वेळापत्रक असं लिहिलं. ऊस मात्र मी एकदा तरी ठेवायलाच लावला.

शेवटी आलं: माहिती देऊ शकणाऱ्या व्यक्ती. "तुमचं काम डोळ्यानं बघितलेली दोन माणसं सांगा," तो म्हणाला आणि एका मुलीचा फॉर्म भरायला वळला.

दोन! या तालुक्यात दोन नावं लिहिली की बाकीचे धरून बसतात. कारखान्याच्या निवडणुकीतल्या एका पॅनेलचं लिहिलं की दुसरं पॅनेल तोंड फिरवतं. मी पानाच्या मागं हातानं चौदा नावं लिहिली, दोन्ही पॅनेलची सात-सात, मानाप्रमाणे. माजी चेअरमन, आजी संचालक, दोन सरपंच, सोसायटी, पतसंस्था, सगळे आले. फक्त आमच्या गावच्या बागायतदार सोपानआप्पांचं घातलं नाही, कारण ते तीन वर्षं माझ्याशी बोलत नाहीत.

धम्मदीपनं बघितलं. "काका, ही लग्नपत्रिका हाय का?"

"तू एक पान म्हणालास, मागची बाजू मोकळीच आहे की."

त्यानं दोन्ही बाजू स्कॅन करून पाठवून दिल्या. माझा फोन दिवसातून तीनदा बंद पडतो, म्हणून संपर्काला त्याच्या दुकानाचा नंबर दिला आहे.

१३ जानेवारी, सोमवार

काल-आज चौदाही जणांना कळवलं की तुमचं नाव दिलंय, आणि कंपनीचा नंबरही देऊन ठेवला. सगळ्यांना बरं वाटलं. प्रत्येक जण म्हणाला, "तू काळजी करू नको, मी बोलतो." आपण माणसं कमावली, हे आज पटलं.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

सकाळी दहाला धम्मदीपचा फोन. कंपनीच्या एचआरच्या सुषमा मॅडमनी दुकानात फोन केला होता आणि त्या खूश नव्हत्या.

"काका, दोन दिवसात अकरा फोन गेल्यात त्यांना. एकानं मीटिंगमधनं बाहेर बोलावलं. एकानं इचारलं, आमच्या गावातली पोरं किती घेतली ते सांगा. एकाला तर तुमचं नावच आठवंना, म्हणला आपला माणूस हाय, घेऊन टाका."

"मग त्या काय म्हणाल्या?"

"आणखी एक शिफारस आली तर तुमचा कागद बाजूला ठिवणार म्हणाल्या."

सविताकडून तिळगुळाचा डबा घेतला आणि मोटरसायकल काढली. चौदा घरं केली. लोक सणाला एकमेकांना गोड बोला म्हणतात, मी प्रत्येकाच्या हातावर तिळगूळ ठेवून म्हणत होतो, "घ्या, आणि कृपा करून कुणाशी काही बोलू नका." माजी चेअरमन म्हणाले, विरोधकांनी तुझे कान भरलेत. आजी संचालकही तेच म्हणाले. पतसंस्थेवाल्यांना वाईट वाटलं, कारण त्यांचा अजून फोन करायचा राहिला होता.

परत येताना पारावर सोपानआप्पा बसलेले. तीन वर्षांनी पहिल्यांदा त्यांनी हाक मारली.

"काय रं दत्ता, चौदा नावं लिव्हलीस म्हनं. आमी काय मेलो व्हतो?"

मी तिळगूळ पुढं केला.

"ऱ्हाऊ दे. सरपंचाकडनं नंबर घेऊन मी केलाय त्या बाईला फोन. चांगला ईस मिंटं बोललो. म्हणलं, ह्यो मानूस कुनाचं ऐकत न्हाई. चेअरमनचा फोन आला तरी माझा ऊस आठ दिस हलू दिला न्हाई. असला आडमुठा मानूस घेऊ नका, पस्तावाल. खरं त्येच सांगितलं, एक शबूद खोटा न्हाई."

घरी येऊन सविताला सांगितलं, तर ती हसायला लागली. पदर तोंडाला लावून हसली.

"यात हसण्यासारखं काय आहे?"

"काय न्हाई. तिळगूळ उरलाय का डब्यात?"

कधी कधी या बाईचं काही कळत नाही.

१८ जानेवारी, शनिवार

कंपनीकडून काही नाही. इंद्रजीतनं काउंटरचा फोटो पाठवला. माझ्यासाठी नवीन स्टूल आणलंय, फिरतं.

२० जानेवारी, सोमवार

निदान बघून तरी येऊ म्हणून दौंडला दुकानात अर्धा दिवस बसलो. अकराच्या सुमाराला ही गर्दी. सगळे एकदम ओरडतात, ज्याचा आवाज मोठा त्याला माल आधी. मला राहवलं नाही. खोक्याचे पुठ्ठे फाडून त्यावर नंबर टाकले आणि आलेल्या क्रमानं वाटले. दहा मिनिटांत दुकान शांत. एक प्लंबर तर म्हणाला, आज पहिल्यांदा जेवायला घरी जाईन.

मग एक गुत्तेदार, म्हणजे बांधकामाचा ठेकेदार, आला. गाडीतूनच हॉर्न वाजवला. मी त्याला नेऊन सात नंबरचा पुठ्ठा दिला.

तो गेल्यावर इंद्रजीत हळू आवाजात म्हणाला, "दाजी, गुत्तेदार आधी सोडायचा असतोय."

"का?"

"का म्हंजी? गुत्तेदार हाय त्यो."

त्याचं खोटं नाही, दुकान त्याला चालवायचं आहे. पण मला ते जमणार नाही, हे मला त्या फिरत्या स्टुलावर बसल्या बसल्या कळलं. येताना मोटरसायकलवर फार उदास वाटलं. सत्तेचाळिसाव्या वर्षी माणसाला एकच गोष्ट येते आणि ती आता कुणाला नको आहे, असं काहीतरी मनात येत राहिलं. कंपनीनं नाही म्हटलं तर कुठं जायचं ते मला माहीत नाही. हे सविताला सांगितलं नाही. इथं लिहिलं.

२३ जानेवारी, गुरुवार

सुषमा मॅडमनी धम्मदीपकडे निरोप ठेवला. "उद्या अकराला मुलाखतीला यायला सांगा. आणि एकट्यांना यायला सांगा."

सविता इस्त्रीला बसली आहे. मला म्हणाली, "तिथं अहवाल वाचू नका."

२४ जानेवारी, शुक्रवार

सगळं सविस्तर लिहितो, म्हणजे पुढं चूक कुठं झाली ते कळेल.

केबिनमध्ये सुषमा मॅडम आणि डिस्पॅचचे, म्हणजे माल पाठवणाऱ्या खात्याचे, साहेब. मॅडम पन्नाशीच्या, बोलणं मोजकं. माझा कागद समोर होता पण उलटा, नावांची बाजू वर.

"या चौदा जणांपैकी तुमचं काम प्रत्यक्ष कुणी पाहिलंय?"

खोटं कसं बोलू? "फडात कुणीच आलं नाही, मॅडम. आले तर सत्काराला यायचे."

साहेब खोकले. मॅडमनी कागद सुलटा केला. अकरा तासांचे पाच कसे केले ते विचारलं. ते मला येतंच, त्यामुळे बोलत सुटलो. साहेबांनी मध्येच त्यांच्या गेटचा नकाशा पुढं केला. मी म्हणालो, लांबून येणाऱ्यांना आणि शेजारच्या गोडाऊनवाल्यांना तुम्ही एकच वेळ देता, मग भांडणं होणारच. इथपर्यंत बरं चाललं होतं.

मग मॅडम म्हणाल्या, "ज्यांचं नाव इथं नाहीच, अशा एका गृहस्थांचा फोन सगळ्यात मोठा होता. वीस मिनिटं."

झालं. मी म्हणालो, "सोपानआप्पा. ते खरं बोलले."

"काय झालं होतं?"

सांगितलं. रंभाबाईंचा ऊस बावीस गुंठे, एकटी बाई, पण नंबर त्यांचा आधी. त्यांच्या मागं आणखी सात जण, आणि मग सोपानआप्पा. मी टोळी रंभाबाईंच्या फडात घातली आणि तेवढ्यात चेअरमनसाहेबांचा फोन आला, आप्पांचा आधी तोड. मी म्हणालो, साहेब, टोळी उतरलीय, आता काढता येत नाही. दुसऱ्या दिवशी परत फोन. मी म्हणालो, साहेब, मधल्या सातांना काय सांगू ते तुम्हीच येऊन सांगा. ते आले नाहीत.

साहेबांनी विचारलं, "भीती नाही वाटली?"

"वाटली की. तीन दिवस अन्न गोड लागलं नाही. पण रंभाबाई टोळीसाठी चहाची किटली घेऊन सकाळपासून बांधावर उभ्या होत्या. त्यांच्या तोंडावर टोळी काढून नेणं माझ्याच्यानं झालं नसतं."

साहेबांनी मॅडमकडे बघितलं. मला वाटलं, आता सावरून घ्यावं. म्हणून म्हणालो, "माझा स्वभाव जरा आडमुठा आहे, मॅडम. पण मी सुधारीन."

तेव्हा साहेबांनी माझ्याच कागदावर आडमुठा असा शब्द लिहिला, मोठ्या अक्षरात, आणि खाली दोन रेघा मारल्या. मी स्वतः बघितलं.

"कळवतो," म्हणाले. गेटवर ट्रकची रांग हायवेपर्यंत गेली होती. कुणीतरी नीट लावायला पाहिजे ती. इंद्रजीतला हो म्हणून सांगावं लागणार.

२९ जानेवारी, बुधवार

नोकरी लागली! पत्र आलं, खरंखुरं, शिक्क्यासह. तीन फेब्रुवारीला हजर व्हायचं. पहिले सहा महिने बघणार आणि मग कायम करणार. सविता पत्र तीनदा वाचून देवघरात ठेवायला निघाली, मी म्हणालो त्याची झेरॉक्स तरी काढू दे. डोळे तिचेही भरले होते आणि माझेही, पण आम्ही दोघांनीही कांद्यावर ढकललं. कांदा चिरलेलाच नव्हता.

इंद्रजीतला फोन केला. मनापासून आनंद झाला त्याला. इतका झाला की मला थोडा संशय आला.

धम्मदीपला म्हणालो, "बघ, शेवटी चौदा माणसं कामाला आली. सोपानआप्पांनी एवढं वाकडं केलं तरी त्यांनी तारून नेलं."

"काका, पेढं वाटताय नव्हं? आप्पालाबी द्या."

"त्याला कशाला?"

"माझ्यासाठी द्या."

दिले. आप्पा म्हणाले, त्या बाईला अक्कल दिसत नाही. पेढे मात्र दोन घेतले.

३ फेब्रुवारी, सोमवार

पहिला दिवस. पिवळं जॅकेट, डोक्यावर टोपडं. गेटवर पांडेजी म्हणून रखवालदार आहेत, बिहारचे. पहिल्याच तासात दोन ड्रायव्हर एकमेकांच्या गळ्यापर्यंत गेले. मी खिशातून नंबरच्या चिठ्ठ्या काढल्या, आदल्या दिवशी सवितानं कात्रीनं सरळ कापून दिलेल्या. एक ड्रायव्हर म्हणाला, "ये क्या, राशन की दुकान है?" पण घेतली.

५ फेब्रुवारी, बुधवार

आज मी संपलो बहुतेक.

दुपारी तीनला डिस्पॅचच्या साहेबांचा फोन. "शेलार, निळ्या केबिनचा ट्रक उभा आहे बघा, तो आधी आत घ्या. आपल्या ओळखीचा आहे."

मी चिठ्ठी बघितली. "साहेब, त्याचा नंबर अकरा आहे."

"मी सांगतोय ना."

नोकरीचा तिसरा दिवस. समोर रांगेत दहा ड्रायव्हर, कुणी सकाळी सहापासूनचा, सगळ्यांच्या हातात माझी चिठ्ठी. हो साहेब म्हणायचं असं ठरवून तोंड उघडलं आणि बाहेर आलं ते असं: "साहेब, माल तातडीचा असला तर तसं लिहून पाठवा, मी दहाही जणांना दाखवतो आणि गाडी सोडतो. ओळखीचा असला तर अकरावा."

"बरं," म्हणाले आणि फोन ठेवला. रागावलेला माणूस असंच तुटक बोलतो.

संध्याकाळी पांडेजींना सांगितलं. ते चहा ओतता ओतता थांबले. "आपसे पहले जो था, उसको भी तीसरे दिन साहब का यही फोन आया था."

"मग?"

"उसने गाड़ी छोड़ दी. अगले दिन से वो दिखा नहीं."

म्हणजे या तिसऱ्या दिवशीच्या फोननंतर माणूस इथं राहत नाही, एवढं मला पक्कं कळलं. त्यानं साहेबांचं ऐकूनही त्याला काढलं, मग मी तर ऐकलंच नाही. घरी येऊन आधी धम्मदीपला फोन केला, माझा रेझ्युमे कॉम्प्युटरमधून पुसू नकोस, लागणार आहे. त्यानं कशाला म्हणून विचारलं, मी सगळं सांगितलं. तो इतका हसला की मी फोन ठेवून दिला.

सविताला सांगितलं, तर तिनं एवढंच विचारलं, "उद्या डब्याला मेथी देऊ का वांगं?"

"सविता, मला उद्या गेटवरूनच परत पाठवतील."

"मेथी देते. पांडेजीस्नीबी दोन भाकरी जास्तीच्या घालते."

घरात कुणालाच गांभीर्य नाही. मला मात्र भीती वाटते आहे, खरं तेच लिहितो. पण निळ्या केबिनचा ट्रक अकरावा होता आणि अकरावाच आत गेला.